सायटेशन मोजून झाली असतील तर जरा वॉर्डात चला

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण ग्रुपवर ढकलण्याआधी वाचा, एवढीच विनंती.

नुकतीच एका दुपारी ऑफिसात एक प्रेसनोट आली. आपल्या गावच्या मेडिकल कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची. 'वैद्यकीय शिक्षण' या विषयात त्यांचे इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स अमुक, आय-टेन इंडेक्स तमुक, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'जिल्ह्याच्या शिरपेचात मानाचा तुरा'. सोबत शाल पांघरलेला फोटो. खाली कॉलेजच्या जनसंपर्कवाल्यांची टीप, 'पान एकवर घेतल्यास बरे होईल.'

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी याच प्राध्यापकांची अशीच प्रेसनोट आली होती. मी ती जशीच्या तशी लावली. 'जागतिक संशोधकांच्या पंक्तीत आपले डॉक्टर' हे हेडिंग माझंच, तीन कॉलम, फोटोसह. सायटेशन म्हणजे नेमकं काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझंच हेडिंग, आणि मला बरं वाटलं! पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला एक सर होते. ते म्हणायचे, प्रेसनोट ही बातमी नसते, प्रश्न विचारायला मिळालेलं निमित्त असतं. वीस वर्षं झाली, फी भरून शिकलेली तेवढी एकच गोष्ट लक्षात राहिली आणि तीसुद्धा ऐनवेळी विसरलो.

या वेळी विसरलो नाही. प्राध्यापकांचं नाव मात्र विचारू नका. कमेंटमध्ये कुणी लिहिलं तर काढून टाकीन. भांडण त्या माणसाशी नाही, हे पुढे वाचलंत तर कळेल.

मागच्या पावसाळ्यात माझी आत्या अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. सलाईन लावायला एक इंटर्न आला. पोरगा बिचारा घामाघूम. म्हाताऱ्या माणसाची शीर वरून दिसते, पण सुई टेकवली की सरकते. चार ठिकाणी टोचून झालं. आत्याच त्याला म्हणाली, "बाळा, दम खा जरा, मी कुठं पळून चाललेय?"

तेवढ्यात पन्नाशीतले एक डॉक्टर आले. मला वाटलं हे सुई हातात घेतील, पोराला दोन शब्द सुनावतील आणि काम उरकतील. त्यांनी सुई घेतलीच नाही. पोराच्या बाजूला उभे राहिले. म्हणाले, "आधी बेल्ट सोड. हात खाटेखाली लोंबू दे दोन मिनिटं. आता बांध. कातडी खालून अंगठ्यानं ताणून धर. शीर पळते ती तू ताणत नाहीस म्हणून." पाचव्या वेळेला लागली. मग बाहेर जाता जाता विचारलं, "आजी कोणत्या हातानं जेवतात, ते विचारलंस का आधी?" पोरगं गप्प. चारही वेळा त्यानं उजव्या हातालाच टोचलं होतं.

नंतर व्हरांड्यात मी त्या पोराला विचारलं, हे सर कोण? तो म्हणाला, "आमचे सर. सगळ्यात भारी शिकवतात. पण असिस्टंटच आहेत अजून. पेपर नाहीत ना त्यांचे."

पेपर नाहीत ना त्यांचे. हे वाक्य मी खिशात टाकून घरी आलो आणि तेव्हापासून ते टोचतंय.

म्हणून या वेळी प्रेसनोट आल्यावर मी एक साधी गोष्ट केली. त्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचायला बसलो. जे फुकट मिळत होते ते सगळे. तीन रात्री गेल्या. मी डॉक्टर नाही, पण हे निबंध औषधांबद्दल नव्हतेच, शिकवण्याबद्दल होते. आणि शिकवणं कळायला शाळेत मार खाल्लेला माणूस पुरेसा आहे.

बहुतेक निबंधांचा साचा एकच. शिकवण्याची एक नवी पद्धत घ्यायची. कधी विद्यार्थ्यांनी घरून व्हिडिओ बघून यायचा, कधी गटात चर्चा, कधी मोबाईलवर क्विझ. एमबीबीएसची एक बॅच घ्यायची. तास सुरू होण्याआधी परीक्षा, तास झाल्यावर तीच परीक्षा. मग एक फॉर्म : 'ही पद्धत मला आवडली', पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. निष्कर्ष : मार्क वाढले, विद्यार्थ्यांना आवडलं, पुढील संशोधनाची गरज आहे.

अहो, तासभर शिकवल्यावर मार्क वाढणारच. शिकवल्यावर कमी झाले असते तर मीच पान एकवर घेतली असती बातमी. आणि फॉर्म भरणाऱ्या पोरांचे इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, तेच सर फॉर्म वाटतायत. 'असहमत' वर टिक कोण करील?

शिकवणं उपयोगी पडलं की नाही, हे कसं तपासायचं याचा विचार जगात फार आधी झालेला आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला आवडलं का? त्याला ते आलं का? तो प्रत्यक्ष कामात वेगळं वागायला लागला का? आणि त्यामुळे शेवटी काही फरक पडला का? त्यानं हे कंपन्यांमधल्या प्रशिक्षणासाठी सांगितलं होतं, पण वैद्यकीय शिक्षणवाले आज जगभर त्याच पायऱ्या वापरतात. आपल्या प्राध्यापकांचे बहुतेक निबंध पहिल्या दोन पायऱ्यांवर बसून आहेत. तिसऱ्या पायरीवर वॉर्ड लागतो, चौथ्या पायरीवर पेशंट. तिथवर जायला वेळ लागतो, महिनोन्‌महिने पोरांच्या मागे फिरावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पहिल्या पायरीवरचे पाच निबंध होतात.

आता ते आकडे. प्रेसनोटमध्ये ते असे येतात की वाचणाऱ्याची छाती दडपते, म्हणून जरा सोलून बघू.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा उल्लेख केला. बस. त्यानं कौतुक केलं की फाडून खाल्लं, हे त्या आकड्यात दिसत नाही. नाव निघालं म्हणजे सत्कार झाला असं नसतं, नाव पोलीस ठाण्याच्या डायरीतही निघतं. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरनं १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १२ मुलांवरचा एक निबंध छापला आणि गोवर-गालगुंडाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी असल्याची भीती जगभर पसरली. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं तो निबंध मागे घेतला, वेकफिल्डची डॉक्टरकी गेली. सायटेशन्स? ढिगानं. त्यातली पुष्कळशी 'हे खोटं आहे' असं सांगणारी. मोजणाऱ्या यंत्राला मात्र सगळी सारखीच.

एच-इंडेक्स ही होर्गे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाची २००५ सालची कल्पना. तुमच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० सायटेशन्स असतील तर तुमचा एच-इंडेक्स १०. सोपं आहे. पण वय वाढेल तसा हा आकडा वाढतच जातो, कमी कधी होत नाही. शिवाय ज्या विषयात लिहिणारे हजारो, तिथे तो फुगतो. ज्या विषयात मोजकी माणसं, तिथे आयुष्य घालवलं तरी लहान राहतो. कॅन्सरवाल्याचा एच-इंडेक्स आणि वैद्यकीय शिक्षणवाल्याचा एच-इंडेक्स शेजारी ठेवणं म्हणजे उसाचं एकरी उत्पन्न आणि केशराचं एकरी उत्पन्न एकाच काट्यावर तोलणं.

इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा नसतोच, मासिकाचा असतो. मासिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या दैनिकाचा खप मोठा म्हणून माझी बातमी खरी, असं म्हणण्यासारखं आहे ते.

'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' ही यादीही दरवर्षी येते. गावोगाव फ्लेक्स लागतात, त्यावर 'स्टॅनफर्ड विद्यापीठाचा सन्मान' असं असतं. तो सन्मान नाही. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हियर कंपनीच्या स्कोपस माहितीसाठ्यावरून सायटेशन्सचा हिशोब करतात आणि तो सगळ्यांना उघडा ठेवतात. त्यात संपूर्ण कारकिर्दीचा तक्ता वेगळा, एका वर्षाचा वेगळा. स्वतःच स्वतःचा उल्लेख केलेली सायटेशन्स धरून आकडा वेगळा, वगळून वेगळा. एवढी सोय करून ठेवली आहे त्यांनी. आपल्याकडे आलेल्या एकाही प्रेसनोटमध्ये कोणता तक्ता, ते लिहिलेलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

आणि हे आकडे किती सहज फुगवता येतात ते बघायचं असेल तर लॅरीची गोष्ट ऐका. लॅरी हे अमेरिकेतलं एक मांजर. २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइज या दोघांनी, सायटेशन्स विकणाऱ्यांचा धंदा कसा चालतो हे दाखवायला, लॅरीच्या नावानं १२ निरर्थक निबंध बनवले. आणखी तसलेच १२ बनवून त्यात लॅरीचे उल्लेख घातले. सगळं इंटरनेटवर टाकलं. गूगल स्कॉलरनं दोन आठवड्यांत लॅरीला शंभरावर सायटेशन्स आणि ११ चा एच-इंडेक्स देऊन टाकला. मांजराला! आपल्या आळीतल्या बोक्यालाही फ्लेक्स लावता येईल, फक्त कुणीतरी बसून टायपिंग करायला हवं.

हे सगळं कुठून सुरू झालं? इथे जरा थांबतो, कारण शिव्या कुणाला द्यायच्या ते नीट ठरवायला हवं.

दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलचे सर्जन समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक पाहणी छापली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती संशोधन केलं ते मोजलं. ३३२ संस्थांमधून, म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध आलेला नव्हता. आणि वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था होत्या अवघ्या २५. म्हणजे दुखणं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. शेकडो पेशंट रोज बघणारी कॉलेजं, आणि त्यातून शिकलेली एक ओळ कुणी लिहून ठेवत नाही, ही लाजिरवाणीच गोष्ट.

पण त्यावर औषध काय दिलं? तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१५ मध्ये बढतीसाठीचा नियम घट्ट केला. असिस्टंटचा असोसिएट व्हायचं असेल तर किमान दोन शोधनिबंध, तेही पहिला किंवा दुसरा लेखक म्हणून, ठरावीक सूचींमधल्या मासिकांतच. ऑनलाइन मासिकं चालणार नाहीत म्हणाले, जेव्हा जग सगळं ऑनलाइन जात होतं! आणि मान्य सूचींमध्ये 'इंडेक्स कोपर्निकस' घातली, जिच्यात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचा भरणा असल्याची ओरड डॉक्टरांनीच केली. पुढे २०२० मध्ये हा नियम बदलला, सूची बदलल्या, लेखकांची अट सैल झाली, संशोधनाचा एक ऑनलाइन कोर्स सक्तीचा झाला. कौन्सिल जाऊन आयोग आला. मोजायची पद्धत तीच राहिली. निबंध किती ते बघायचं. निबंधात काय आहे ते कुणी बघायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आपल्याकडे डेअरीत दूध घालणाऱ्या कुणालाही विचारा. फॅटवर भाव मिळायला लागला की आधी लोक म्हशीची पेंड वाढवतात आणि मग काही जण दुधात काय काय घालायला लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मशीन फॅट मोजतं, दूध मोजत नाही.

मग भेसळवाले आलेच. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापून देणारी मासिकं. अशा मासिकांचा कारभार कसा असतो? पोलंडमधल्या काही संशोधकांनी एक खोटी शास्त्रज्ञ बनवली, डॉ. अॅना ओ. शुस्ट. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठग. तिची बनावट पदवी, बनावट निबंध लावून ३६० मासिकांकडे अर्ज केला : मला संपादक करा. २०१७ मध्ये त्यांनी निकाल जाहीर केला. ४८ मासिकांनी ठगबाईंना संपादक केलं होतं!

परदेशाचं कौतुक नको असेल तर पुण्याचं सांगतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ मासिकं तपासली. त्यातली ८८ टक्के निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ मासिकं यादीतून काढून टाकली. ही सरकारमान्य यादी होती बरं का! मग पुण्यातच देखरेख ठेवून नवी यादी सुरू झाली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. आता ज्या त्या विद्यापीठानं आपलं आपण ठरवायचं.

माझा शाळेतला मित्र एका दुसऱ्या जिल्ह्यात मेडिकल कॉलेजात शिकवतो. त्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो चिडला. म्हणाला, "तुझं ठीक आहे बोलायला. हे दोन पेपरचं बंधन नसतं ना, तर माझं प्रमोशन कधीच झालं नसतं. मॅनेजमेंटच्या जवळच्या माणसाचं झालं असतं. साहेबांच्या जातीच्या माणसाचं झालं असतं. आकडा निदान माझं आडनाव विचारत नाही."

मंडळी, याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. रात्रभर विचार केला. त्याचं खरं आहे. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला आकड्याचा आधार वाटतो. 'गुणवत्ता बघून ठरवू' असं साहेब म्हणाले की गरिबाच्या पोटात गोळा येतो, कारण गुणवत्ता म्हणजे काय हे साहेबच ठरवणार असतात.

पण मित्रा, आकडा विकत मिळायला लागल्यावर तो तरी कुणाचा राहतो? ज्याच्या हाताखाली दहा पीजी आहेत त्याचं नाव दहा निबंधांवर लागतं. ज्याच्याकडे छपाईची फी भरायला पैसे आहेत त्याचे चार जास्त होतात. ज्या विभागप्रमुखाला नाही म्हणता येत नाही त्याचं नाव न लिहिता पहिलं येतं. तू ज्या साहेबाला घाबरून आकड्यामागे लपलास, तो साहेब मागच्या दारानं त्या आकड्यातच येऊन बसलाय. तूच मला सांगितलंस ना की तुझ्या दोन पेपरपैकी एकावर अशा माणसाचं नाव आहे ज्यानं तो वाचलेलासुद्धा नाही?

यावर तो हसला. म्हणाला, "एकावर नाही, दोन्हीवर."

मोजू नका असं मी म्हणत नाही. वाचा, असं म्हणतोय. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला, 'डोरा' म्हणतात त्याला. मासिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची लायकी ठरवू नका, काम बघा, असं त्यात सरळ लिहिलंय. बढतीच्या वेळी माणसानं आपले सगळ्यात चांगले दोन-तीन निबंध समोर ठेवावेत, बाहेरच्या कॉलेजातल्या दोघा जाणत्यांनी ते वाचावेत आणि त्यांचं मत लेखी, सहीनिशी, सगळ्यांना बघता येईल असं ठेवावं. साहेबाला मनमानी करता येऊ नये म्हणून लेखी आणि उघडं. आणि ज्याला लिहिता येत नाही पण शिकवता येतं, त्याचं शिकवणं बघायला वॉर्डात माणूस पाठवावा. शिक्षक कॉलेजात हजर आहेत की नाहीत हे बघायला आयोगानं आधारची बायोमेट्रिक हजेरी लावली. आलेला माणूस शिकवतो काय, हे त्या मशीनला कळत नाही.

चांगलं काम कसं असतं हे माहीत नाही, अशातलाही भाग नाही. वैद्यकीय शिक्षणातलंच उदाहरण घ्या. पूर्वी डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेत कोणता पेशंट वाट्याला येतो आणि कोणता परीक्षक भेटतो, त्यावर पोराचं नशीब ठरायचं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि मंडळींनी १९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की असं करू नका. छोटी छोटी टेबलं मांडा, प्रत्येक टेबलावर एकच काम द्या, एकाला ब्लडप्रेशर बघायला, एकाला पेशंटशी बोलायला, घंटा वाजली की सगळे पुढच्या टेबलावर, आणि तपासणाऱ्याच्या हातात सगळ्यांसाठी एकच यादी. आज आपल्या गावच्या कॉलेजातही ही परीक्षा होते, पोरं तिला 'ऑस्की' म्हणतात. त्या निबंधालाही सायटेशन्स पुष्कळ आहेत. पण ती मागून आली, आधी काम आलं.

आणि आपल्या मातीतलं हवं असेल तर गडचिरोली. विषय वेगळा, नवजात बाळांच्या मृत्यूंचा, पण मुद्दा तोच. अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. शिकवल्यावर फॉर्म नाही वाटला. शेजारच्या ४७ गावांशी ताडून बाळं किती जगली ते मोजलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं : नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन तसंच काम करायला लागल्या. तुमच्या घरी बाळ झाल्यावर वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन आशाताई आली असेल ना? ते त्या निबंधाचं सायटेशन. गूगल स्कॉलरवर दिसणार नाही.

आता आपल्या प्राध्यापकांकडे येतो. त्यांचे निबंध वाचता वाचता तिसऱ्या रात्री एक वेगळाच सापडला. जुना होता. इंटर्नना एक गोष्ट शिकवली होती : पेशंट गेला, हे नातेवाइकांना कसं सांगायचं. कुठे उभं राहायचं, आधी काय विचारायचं, काय बोलायचं नाही. आणि मग सहा महिन्यांनी तीच पोरं कॅज्युअल्टीत असताना कुणीतरी बाजूला उभं राहून बघितलं होतं, ती शिकवल्यासारखं वागतात का. बरीचशी वागत नव्हती! गर्दी झाली की सगळं विसरत होती. तेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि का विसरत होती तेही. डॉक्टरांना मारहाण झाल्याच्या बातम्या मी गेली पंधरा वर्षं लिहितोय. या निबंधात त्या बातम्यांची निम्मी कारणं होती.

त्याला सायटेशन्स होती चार.

काल त्यांना फोन केला. म्हटलं, सर, प्रेसनोट मिळाली, पण मला त्या एका निबंधाबद्दल बोलायचंय. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "तो तुम्ही वाचलात?" आणि पाऊण तास बोलत राहिले. एच-इंडेक्सचा शब्दही निघाला नाही. ते काम दोन वर्षं चाललं, मग बंद पडलं. एका निबंधाला दोन वर्षं द्यायची आणि तेवढ्या वेळात शेजारच्या विभागातल्यानं सहा छापायचे, हे परवडेना. मी म्हटलं, मग आता तुमचे भरपूर झालेत, परत सुरू करा. ते म्हणाले, "मी तयार आहे. शनिवारची दुपार आणि कॅज्युअल्टीजवळची एक खोली हवी. आणि शिकवायला तो माणूस हवा." त्यांनी नाव घेतलं ते आत्याच्या खाटेशेजारी उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचं.

खोलीसाठी त्यांनी कॉलेजला पत्र दिलंय, मार्च महिन्यात. पत्राची प्रत मी बघितली. आज सकाळी अधिष्ठात्यांना भेटून विचारलं, त्या पत्राचं काय झालं? ते म्हणाले, बघावं लागेल. मग त्यांनीच मला विचारलं, ती प्रेसनोट अजून आली कशी नाही पेपरात?